टाळ वाजत राहतात तेव्हा

आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडते, पादुकांना नीरास्नान होतं आणि सोहळा सातारा जिल्ह्यात शिरून आमच्या लोणंदला मुक्कामाला येतो. संध्याकाळी तळावर समाज आरती असते. ज्यांनी ती पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. मध्ये पालखी, भोवती दिंड्या उभ्या, शेकडो टाळ एकाच वेळी वाजतायत आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार चोप उंच करतात, 'हो' अशी आरोळी उठते आणि एवढा मोठा तळ एकदम गप्प होतो. एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात. त्या दिंडीची काही तक्रार आहे, असा त्याचा अर्थ. चोपदार तिकडे जातात, काय झालं ते विचारतात. पाण्याचा टँकर पोचला नसेल, राहुटीच्या जागेवरून कुरबुर झाली असेल, चालण्याच्या क्रमात गडबड झाली असेल. तक्रार ऐकली जाते, मार्ग निघतो, टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघायची वेळ सांगितली जाते आणि आरती होते.

गर्दीच्या एका कोपऱ्यातली अडचण निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसापर्यंत पोचवायची कशी, आणि ती पोचल्यावर थांबलेलं काम पुढे न्यायचं कसं? हे पुस्तक याच प्रश्नाबद्दल आहे. फक्त इथे गर्दी फंक्शनांची आहे. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला, आणि वीस पायऱ्या खाली कुठेतरी एक फाइल सापडत नाही, एखाद्या आकड्याला शून्यानं भागावं लागतं, नाहीतर आकड्याच्या जागी अक्षर येतं. त्या खालच्या फंक्शननं काय करावं? प्रोग्रॅमिंगच्या भाषांनी यावर जी उत्तरं शोधली, त्यांतलं सर्वांत परिचित म्हणजे एक्सेप्शन. त्याचं सरळ भाषांतर 'अपवाद'. मी तो शब्द जाणूनबुजून टाळला आहे. मराठीत अपवाद म्हणजे नियमातून दिलेली सूट. इथे कुणी कुणाला सूट देत नाही, काम अडतं.

काम अडलं आणि कुणी विचारपूस केली नाही तर काय होतं, याचं जगप्रसिद्ध उदाहरण ४ जून १९९६ चं आहे. युरोपचं एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण ४० सेकंदांत नष्ट झालं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेत ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायची होती. १६ बिटांत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. ही संख्या मोठी निघाली, एक्सेप्शन उठलं आणि ते हाताळणारं कुणी नव्हतं. राखीव यंत्रणेतही हाच प्रोग्रॅम होता, तीही तशीच बंद पडली. तो भाग जुन्या एरियन ४ मधून जसाच्या तसा उचललेला होता आणि ज्या हिशेबात ही संख्या लागत होती, त्या हिशेबाची उड्डाणानंतर गरजच नव्हती. चौकशी अहवालात हे सगळं नोंदलेलं आहे. मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला तो वाचायला लावतो.

माझ्या स्वतःच्या चुकीत रॉकेट नव्हतं, कांदा होता. लोणंदच्या बाजारात कांद्याचा लिलाव चालतो. मालाचं एकेक वक्कल लागतं, बोली होते, माल काट्यावर जातो आणि हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडते. ओळखीच्या एका गाळ्यासाठी मी पट्टी काढणारा प्रोग्रॅम लिहून दिला होता. वजनं हातानं टाइप व्हायची. कधी आकड्याच्या मध्ये मोकळी जागा पडे, कधी दोन टिंबं. अशा वेळी प्रोग्रॅम बंद पडू नये म्हणून मी एक ओळ घातली : वजन वाचता आलं नाही तर शून्य धर. प्रोग्रॅम त्यानंतर एकदाही बंद पडला नाही आणि मला त्याचं समाधान होतं. मग एके दिवशी एक म्हातारे शेतकरी काट्याची चिठ्ठी आणि पट्टी दोन्ही हातांत धरून उभे राहिले. तीन वक्कलांपैकी एकाचे पैसे पट्टीत नव्हते. चिठ्ठीवर वजन होतं, पट्टीवर शून्य होतं, आणि बेरीज त्या शून्यासकट अगदी बरोबर होती. ते शांतपणे म्हणाले, "मशीनला कळंना, तर इचारायचं हुतं की."

पैसे त्यांना त्याच दिवशी मिळाले. पण त्याआधी किती जणांच्या पट्टीत शून्य गेलं असेल, हे शोधायला मला जुन्या चिठ्ठ्यांसोबत दोन रात्री बसावं लागलं. मी लिहिलेल्या एका ओळीनं प्रत्येक वाजता टाळ दाबून धरला होता. या पुस्तकातला माझा सगळा आग्रह त्या दोन रात्रींतून आलेला आहे : फंक्शनला उत्तर देता येत नसेल, तर ते तसं सांगणं हेच त्याचं उत्तर आहे. ती गोष्ट उत्तराइतक्याच मानानं लिहिली, वाचली आणि पुढे पाठवली पाहिजे.

फंक्शनल भाषांमध्ये हा प्रश्न जास्त टोकदार होतो. त्याचं कारण फंक्शन या शब्दात आहे. शाळेत गणितात शिकलेलं फंक्शन आठवा. दोनचा वर्ग चार. आज चार, उद्याही चार. म्हणून जिथे 'दोनचा वर्ग' लिहिलंय तिथे डोळे मिटून 'चार' लिहिता येतं. समान गोष्टीच्या जागी समान गोष्ट ठेवायची, या एका हक्कावर फंक्शनल प्रोग्रॅमिंग उभं आहे. एक्सेप्शन या हक्कालाच धक्का देतं. एखादं फंक्शन 'मी मजकूर घेतो आणि वजन देतो' असं म्हणतं आणि मध्येच एक्सेप्शन फेकतं, तेव्हा त्यानं वजन दिलेलं नसतं. बोलावणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही. मधल्या सगळ्या पायऱ्या ओलांडून गाडी भलत्याच ठिकाणी जाते, आणि त्या फंक्शनच्या टाइपमध्ये याचा उल्लेखही नसतो. दिलेला शब्द आणि प्रत्यक्ष वागणं यांत अंतर पडतं.

असं असूनही एक्सेप्शन्सना लवकर घर मिळालं ते एका फंक्शनल भाषेतच. १९७० च्या दशकात एडिंबरा विद्यापीठात रॉबिन मिल्नर आणि त्यांचे सहकारी गणिती सिद्धता शोधायला मदत करणारी एलसीएफ नावाची प्रणाली बांधत होते. तिच्यासाठी त्यांनी एमएल ही भाषा केली. सिद्धता शोधताना एक डावपेच फसतो, मग दुसरा करून पाहायचा, तोही फसला तर तिसरा. फसणं हा तिथल्या रोजच्या कामाचा भाग होता. म्हणून 'फसलो' असं सांगण्याची आणि 'फसलास तर हे करून पाहा' असं लिहिण्याची सोय भाषेतच आली. तिथून ती स्टँडर्ड एमएल आणि ओकॅमल या भाषांमध्ये उतरली. ओकॅमलमध्ये एक्सेप्शन फेकणं इतकं स्वस्त आहे, की लांबलचक यादीत हवी ती गोष्ट सापडली की उरलेली यादी सोडून बाहेर पडण्यासाठीही लोक ते वापरतात. तिथे चूक झालेली नसते, फक्त लवकर निघायचं असतं. पुस्तकाच्या नावात 'चुका' या शब्दाबरोबर 'वाटा' हा शब्द आहे तो यासाठी. हॅस्केल ही फंक्शनल भाषा शिकलेल्यांना अशा जागी एक्सेप्शन लागत नाही. तिथे गरज पडल्याशिवाय कुठलाच हिशेब केला जात नाही, त्यामुळे यादीचा उरलेला भाग आपोआपच तसाच राहतो.

दुसरा मार्ग हॅस्केलसारख्या भाषांनी रूढ केला, आणि माझा ओढा तिकडे आहे. चूक फेकायची नाही, परत द्यायची. वजन वाचणाऱ्या फंक्शनचा टाइप मग असा होतो :

वजनवाच : मजकूर → आयदर चूक वजन

म्हणजे मजकूर द्या, मी तुम्हाला चूक तरी देईन किंवा वजन तरी देईन. आयदरला दोन बाजू असतात. रिवाज असा, की चूक डावीकडे आणि उत्तर उजवीकडे. इंग्रजीत उजव्याला आणि बरोबरला एकच शब्द आहे, म्हणून हा रिवाज पडला. मराठीतही उजवं ते सरस, त्यामुळे आपल्या मुलांना तो लक्षात ठेवायला त्रास होत नाही. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हे उत्तर हातात आल्यावर बेरीज करायला जाल, तर कंपायलर अडवतो : हे अजून वजन नाही, आधी दोन्ही बाजूंचं काय करणार ते सांग. मी शून्य धरलं तेव्हा मला कुणीही अडवलं नव्हतं. या टाइपनं मला निदान 'चूक आली तर शून्य' हे शब्द स्वतःच्या हातानं लिहायला लावले असते, आणि लिहिताना हात थबकला असता अशी माझी खात्री आहे.

पण अशी दहा फंक्शनं एकापुढे एक आली की प्रत्येक ठिकाणी 'चूक आहे का' विचारत बसायचं? इथे आमच्या स्टेशनचा दाखला उपयोगी पडतो. तो माझ्या पदरचा नाही. एफ-शार्प भाषेवर लिहिणारे स्कॉट व्लाशिन यांनी २०१४ च्या सुमारास या पद्धतीला 'रेल्वे ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग' असं नाव दिलं आणि ते जगभर रुळलं. लोणंद पुणे-मिरज मार्गावर आहे. २०१९ पासून इथून फलटणलाही गाडी जाते. स्टेशनाजवळ जिथे रूळ फुटतात तिथे सांधा असतो. सांधा एका बाजूला लागला तर गाडी साताऱ्याकडे, दुसरीकडे लागला तर फलटणला. आपलं प्रत्येक फंक्शन म्हणजे असा एक सांधा आहे. गाडी एका रुळावरून येते आणि यश किंवा चूक यांपैकी एका रुळाला लागते. एकदा चुकीच्या रुळाला लागलेली गाडी पुढच्या कुठल्याही यशाच्या स्टेशनावर न थांबता थेट शेवटी पोचते, आणि तिच्यात कारण लिहिलेली चिठ्ठी असते. सांध्यामागून सांधा असे जोडून देणाऱ्या फंक्शनला बाइंड म्हणतात. ते एकदाच लिहायचं. त्यानंतर पट्टीचा सगळा प्रोग्रॅम 'वजन वाच, भाव लाव, हमाली-तोलाई वजा कर' इतका सरळ वाचता येतो. या बांधणीमागचं गणित युजेनिओ मोज्जी यांनी १९८९ मध्ये मांडलं आणि फिलिप वॉडलर यांनी ते प्रोग्रॅमरांच्या भाषेत आणलं. या बांधणीला मोनाड म्हणतात. या शब्दानं घाबरलेल्या वाचकानं तिसरं प्रकरण आधी वाचावं. तिथे हा शब्द न वापरता मोनाड शिकवला आहे.

रुळांच्या दाखल्यात एक मोठी उणीव आहे आणि ती मला कांद्यानंच दाखवली. गाडी पहिल्या चुकीलाच बाजूला जाते. दिवसाच्या चाळीस वक्कलांपैकी सहा वजनं चुकीची टाइप झाली असतील, तर या पद्धतीनं लिहिलेला माझा नवा प्रोग्रॅम पहिलं चुकीचं वजन दाखवून थांबायचा. ते दुरुस्त केलं की दुसरं, मग तिसरं. गाळ्यावरच्या मुलाला सहा खेपा पडायच्या आणि बाहेर शेतकरी खोळंबलेले असायचे. त्याला सहाही चुका एकदम हव्या होत्या. त्यासाठी बांधणी वेगळी लागते. वजनं एकमेकांवर अवलंबून नसतात, म्हणून सगळी तपासून चुकांची यादी करता येते. भाव लावणं मात्र वजनावर अवलंबून आहे, तिथे थांबावंच लागतं. कुठे थांबायचं आणि कुठे गोळा करत जायचं, हे ओळखणं कुठल्याही भाषेच्या व्याकरणापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. म्हणून या एका विषयाला मी दोन प्रकरणं दिली आहेत.

मग एक्सेप्शन्स हद्दपार करायची का? तसं मी म्हणत नाही. मेमरी संपली, डिस्क भरली, वापरणाऱ्यानं मध्येच काम रद्द केलं, अशा गोष्टी कुठल्याही क्षणी घडू शकतात. प्रत्येक फंक्शनच्या टाइपमध्ये त्या लिहायला गेलो तर टाइप वाचता येणार नाहीत. हॅस्केलमध्येही म्हणूनच एक्सेप्शन्स आहेत, आणि तिथे ती एक वेगळंच कोडं घालतात. दोन संख्यांची बेरीज करायची आहे आणि दोन्ही काढताना चूक होणार आहे, तर कुठली चूक वर यावी? सांगितलेल्या क्रमानं चालणाऱ्या भाषेत उत्तर ठरलेलं असतं. हॅस्केलमध्ये कुठली संख्या आधी काढायची हे कंपायलर आपल्या सोयीनं ठरवतो, त्यामुळे आज एक चूक दिसेल, उद्या दुसरी. सायमन पेटन जोन्स, टोनी होअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये यावर सुंदर तोडगा दिला. त्या बेरजेचा अर्थ म्हणजे शक्य असलेल्या चुकांचा संच. त्यातली कुठलीही एक दिसेल आणि तेवढंच वचन भाषा देईल. पहिल्यांदा वाचताना मला ही पळवाट वाटली होती. आता मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

एर्लँगचा विचार तर मुळातूनच वेगळा. एरिक्सन कंपनीत १९८६ पासून जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी ही भाषा घडवली. त्यांचं म्हणणं असं, की अडलेल्या प्रोसेसनं स्वतःला सावरण्याची धडपड करू नये. तिनं सरळ पडावं. तिच्यावर लक्ष ठेवणारी दुसरी प्रोसेस असते, ती पडण्याचं कारण पाहते आणि स्वच्छ पाटीवर तिला पुन्हा उभी करते. कुणावर कोण लक्ष ठेवणार, याची एक उतरंड असते. व्हॉट्सअॅप याच भाषेवर उभं राहिलं. आज लोणंदचा कांद्याचा भाव त्यावरून शेतकऱ्याच्या फोनवर येतो, त्यामागे ही पडू देण्याची शिस्त आहे.

आता पुन्हा तळावर येऊ, कारण समाज आरतीतली एक गोष्ट मी अजून वापरलेली नाही. नेहमीचं एक्सेप्शन त्या आरतीसारखं नसतं. एक्सेप्शन फेकलं की फेकणाऱ्याची जागा पुसली जाते. वरच्यानं ते पकडलं, काही निर्णय घेतला, तरी खाली जिथे काम अडलं होतं तिथे परत जाता येत नाही. आरतीत तसं होत नाही. तक्रारीचा निकाल लागतो, दिंडी आपल्या जागेवरच असते आणि कार्यक्रम तिथूनच पुढे चालू होतो.

प्रोग्रॅमिंगमध्ये हे कसं साधायचं? प्रत्येक क्षणी प्रोग्रॅमपुढे काही काम उरलेलं असतं. वजन वाचून झालं की भाव लावायचा आहे, मग वजाबाकी, मग छपाई. या 'उरलेल्या कामा'ला कंटिन्युएशन म्हणतात, आणि १९७५ मध्ये आलेल्या स्कीम भाषेच्या घराण्यानं ते उरलेलं काम गाठोड्यासारखं हातात धरण्याची सोय दिली. या नजरेनं पाहिलं की विषय एकदम उलगडतो. एक्सेप्शन म्हणजे त्या गाठोड्याचा एक भाग फेकून देणं. लवकर बाहेर पडणं म्हणजेही तेच. आणि गाठोडं न फेकता वरच्या माणसाच्या हाती दिलं, तर तो विचार करून म्हणू शकतो : हे घे बरोबर वजन, आता जिथे थांबला होतास तिथून पुढे चल. यालाच इफेक्ट हँडलर म्हणतात. गॉर्डन प्लॉटकिन आणि मातिया प्रेत्नार यांनी २००९ मध्ये त्यांचा पाया घातला. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ओकॅमल ५ मध्ये ते रोजच्या वापरातल्या भाषेत आले, आणि त्या कामात आयआयटी मद्रासचे के. सी. शिवरामकृष्णन यांचा मोठा वाटा आहे. माझा पट्टीचा प्रोग्रॅम मी तिसऱ्यांदा लिहिला तो याच पद्धतीनं. वजन वाचता आलं नाही तर तो थांबतो, गाळ्यावरच्या मुलाला ती चिठ्ठी दाखवतो, मुलगा वजन सांगतो आणि पट्टी अडलेल्या जागेपासून पुढे निघते. त्या म्हाताऱ्या बाबांनी जे सांगितलं होतं, ते मला अखेर लिहिता आलं.

हे सगळं मराठीत कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं. महाराष्ट्राला फंक्शनल प्रोग्रॅमिंग नवं नाही. पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात १९९० च्या दशकात रुस्तम मोदी यांनी नवशिक्या विद्यार्थ्यांना मार्क जोन्स यांची गोफर ही हॅस्केलच्या घराण्यातली भाषा शिकवली, आणि शिकवण्यासाठी तिच्यात बदल करून 'पुगोफर' तयार केली. 'पु' म्हणजे पुणे विद्यापीठ. जगातल्या बहुतेक वर्गांमध्ये सी आणि पास्कल चालत असताना हे आपल्याकडे घडलं. पण त्याबद्दल मराठीत लिहिलेलं पुस्तक तेव्हाच्या मुलांच्या हाती नव्हतं. आज खंडाळा, फलटण, कोरेगाव, माण या तालुक्यांतली मुलं सातारा-सांगली-पुण्याच्या कॉलेजांत जातात, हुशार असतात, आणि एक्सेप्शनचा धडा 'ट्राय-कॅच लिहायचं' इतक्यावर संपवतात. इंग्रजीतून पाठ करता येतं, पण शंका विचारायला स्वतःची भाषा लागते. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलीनं विचारलं होतं, "सर, पकडलेल्या एक्सेप्शनचं करायचं काय ते माहीत नसेल, तर पकडायचंच कशाला?" या प्रश्नाचं उत्तर सातव्या प्रकरणात आहे, आणि थोडक्यात ते असं : पकडू नये.

वाचकाला एखादी भाषा थोडीफार येते, एवढंच मी गृहीत धरलं आहे. गणित शाळेतलं पुरे. प्रत्येक प्रकरणात पट्टीचाच प्रोग्रॅम नव्यानं लिहिला आहे, त्यामुळे मधूनच वाचलं तरी चालेल, पण नमुने नुसते वाचू नका. स्वतः टाइप करा, मुद्दाम बिघडवा, आकड्याच्या जागी 'अंदाजे' लिहा आणि काय होतं ते पाहा. एवढ्या पानांत माझ्याही चुका राहिल्या असतील. त्या सापडल्या तर मनातल्या मनात शून्य धरून पुढे जाऊ नका. टाळ वाजवा, मला कळवा. पुढच्या आवृत्तीत त्या दुरुस्त होतील.

लोणंद, आषाढ